सामुदायिक वनसंस्था आणि शाश्वत ग्रामीण विकास : ढोकी परिसराच्या संदर्भात एक ऐतिहासिक अध्ययन

प्रस्तावना

ग्रामीण विकासाच्या चर्चेत शेती, पाटबंधारे, सहकार आणि उद्योग यांना जे स्थान मिळाले ते वनाला व गावाच्या सामाईक जमिनीला क्वचितच मिळाले. वस्तुतः सरपण, चारा, औताचे लाकूड, घराचे वासे, औषधी वनस्पती आणि पाण्याचा झिरपा या गरजा खेड्याने शतकानुशतके वनातून आणि गायरानातूनच भागविल्या आहेत. या साधनसंपत्तीची राखण गावानेच सामूहिकरीत्या करावी व तिच्या लाभाचे वाटपही गावानेच ठरवावे, हा विचार सामुदायिक वनव्यवस्थापनाच्या मुळाशी आहे. वनसंरक्षण समिती, जंगल कामगार सहकारी संस्था, वनहक्कधारक ग्रामसभा ही त्याच विचाराची वेगवेगळ्या काळातील संस्थात्मक रूपे होत.

प्रस्तुत लेखात महाराष्ट्रातील या संस्थांच्या वाटचालीचा मागोवा घेऊन धाराशिव जिल्ह्यातील ढोकी व परिसराला त्यातून काय घेता येईल, याचा विचार करण्यात आला आहे. अध्ययनाची उद्दिष्टे तीन आहेत. पहिले, वनावरील गावाचा अधिकार कसा गेला आणि कोणत्या टप्प्यांनी अंशतः परत आला हे पाहणे. दुसरे, यशस्वी ठरलेल्या सामुदायिक वनसंस्थांची समान लक्षणे शोधणे. तिसरे, ज्या प्रदेशात वनच नाममात्र आहे तेथे ही संकल्पना कितपत लागू पडते हे तपासणे. अध्ययनाची पद्धती ऐतिहासिक व विश्लेषणात्मक आहे.

ढोकी परिसर : भूमी आणि इतिहास

ढोकी हे धाराशिव तालुक्यातील मोठे गाव कुर्डुवाडी–लातूर लोहमार्गावर वसले आहे. बार्शी लाइट रेल्वेचा अरुंद मार्ग १८९७ मध्ये बार्शीपर्यंत आणि १९११ मध्ये लातूरपर्यंत पोहोचला. त्यामुळे हा परिसर धान्य, कडधान्य व कापसाच्या व्यापाराशी जोडला गेला. जवळच तेरणा नदीच्या काठी तेर, म्हणजे प्राचीन तगर, हे गाव आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक प्रवासग्रंथात या बाजारपेठेचा उल्लेख येतो, तर संत गोरा कुंभारांचे गाव म्हणून ते वारकरी परंपरेत पूज्य आहे. स्वातंत्र्योत्तर काळात तेरणा शेतकरी सहकारी साखर कारखान्यामुळे ढोकीचे नाव सहकाराच्या नकाशावर आले.

हा प्रदेश १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. उस्मानाबाद जिल्ह्याचे धाराशिव हे नामांतर २०२३ मध्ये झाले. जिल्ह्याचे भौगोलिक क्षेत्र ७,५६९ चौरस किलोमीटर असून वनाच्छादन त्याच्या जेमतेम एक टक्क्याच्या आतबाहेर आहे. १९८८ च्या राष्ट्रीय वननीतीने देशासाठी एकतृतीयांश भूमी वृक्षाच्छादित असावी असे उद्दिष्ट ठेवले होते, हे लक्षात घेता येथील तुटीची कल्पना येते. परिसरातील उल्लेखनीय वन म्हणजे येडशीजवळील रामलिंग घाटाचे शुष्क पानगळीचे वन. १९९७ मध्ये सुमारे २२ चौरस किलोमीटर क्षेत्राचे येडशी रामलिंग घाट अभयारण्य घोषित झाले. देवस्थानाबद्दलच्या श्रद्धेचा या वनाला आधार लाभला असला तरी त्याचे व्यवस्थापन शासकीय आहे, सामुदायिक नव्हे.

याचा अर्थ येथील शेतकरी वृक्षाशी अपरिचित होता असा नाही. बांधावरील बाभूळ, कडुनिंब, बोर, चिंच व विहिरीकाठची आमराई हीच या प्रदेशाची विखुरलेली वनसंपत्ती होती. तिफण, कुळव, बैलगाडीचे जू आणि चाक यांसाठी सुतार बाभळीवर अवलंबून असे. मराठवाड्यातील माळवदाची घरे लाकडी खांब व तुळयांवर उभी राहत. मात्र ही झाडे खासगी मालकीची होती. भूमिहीन, मेंढपाळ आणि भटके समाज यांच्या वाट्याला आले ते गायरान, नदी-ओढ्याचा काठ आणि पडीक माळ. म्हणून ढोकी परिसरात 'सामुदायिक वन' या शब्दाचा व्यावहारिक अर्थ मुख्यत्वे गायरान व पडीक जमीन असा होतो.

वनावरील अधिकाराचा लोप

ब्रिटिश हिंदुस्थानात १८७८ च्या वन कायद्याने वनांचे राखीव व संरक्षित असे वर्गीकरण झाले आणि रयतेचे परंपरागत वापर हे 'हक्क' न राहता 'सवलती' ठरले. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने हीच चौकट पक्की केली. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात जंगलखात्याने डोंगर, दऱ्या व गायराने आपल्या ताब्यात घेतल्याने गरीब शेतकऱ्यांच्या जनावरांचे कसे हाल झाले, याची कठोर चिकित्सा केली आहे. वनप्रश्न हा आदिवासींपुरता नसून तो कुणबी व धनगराच्या चरितार्थाचाही आहे, ही जाणीव मराठी वैचारिक साहित्यात इतक्या लवकर व्यक्त झाली, हे महत्त्वाचे होय.

१९३० च्या सविनय कायदेभंगात महाराष्ट्राने मिठाबरोबर जंगलाचाही प्रश्न हाती घेतला. पुसद येथे लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली, तसेच संगमनेर, बिळाशी आणि चिरनेर या ठिकाणी जंगल सत्याग्रह झाले. चिरनेर येथे २५ सप्टेंबर १९३० रोजी गोळीबार होऊन सत्याग्रही हुतात्मे झाले. गवत कापणे व लाकूड तोडणे या साध्या कृती राजकीय ठरल्या, कारण गवत कोणाचे हा प्रश्नच सत्तेचा प्रश्न बनला होता.

हैदराबाद संस्थानातही चित्र फारसे निराळे नव्हते. तेथे १३१७ फसलीचा जमीन महसूल कायदा आणि पुढे १३५५ फसलीचा वन कायदा अमलात होता. आदिलाबाद भागात वन व महसूल अधिकाऱ्यांच्या जाचाविरुद्ध गोंड समाजाने कुमराम भीम यांच्या नेतृत्वाखाली उठाव केला व १९४० मध्ये भीम मारले गेले. धाराशिवसारख्या मैदानी जिल्ह्यांत असा उठाव होण्याइतके वन नव्हते. परंतु गावच्या पडीक जमिनीवरील अंतिम अधिकार सरकारचा, ही धारणा येथेही रुजली आणि स्वातंत्र्यानंतर ती तशीच चालू राहिली.

सहभागाचे तीन टप्पे

स्वातंत्र्यानंतरच्या प्रयोगांचे स्थूलमानाने तीन टप्पे दिसतात.

पहिला टप्पा जंगल कामगार सहकारी संस्थांचा. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या अहवालाने मुंबई प्रांतातील आदिवासींची ठेकेदार व सावकारांकडून होणारी पिळवणूक उजेडात आणली होती. १९४५ पासून ठाणे जिल्ह्यात गोदावरी परुळेकर आदींच्या नेतृत्वाखाली वारली समाजाचा लढा उभा राहिला. या पार्श्वभूमीवर बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने कूपतोडीचे काम ठेकेदारांऐवजी मजुरांच्या सहकारी संस्थांना देण्याचे धोरण स्वीकारले. या संस्थांनी मजुरीचा दर सुधारला आणि मध्यस्थाला काही अंशी दूर सारले. तथापि, त्यांचा संबंध तोडलेल्या लाकडाशी होता, उभ्या वनाशी नव्हता. वन कोणते तोडावे व कोणते राखावे हा निर्णय खात्याचाच राहिला. तोडीवर निर्बंध येताच यांपैकी अनेक संस्थांचा आधारच ढासळला.

दुसरा टप्पा सामाजिक वनीकरणाचा. १९७२ च्या दुष्काळाने मराठवाडा होरपळला आणि रोजगार हमी योजनेला चालना मिळाली. १९७६ मध्ये राष्ट्रीय कृषी आयोगाने वनाबाहेरील जमिनीवर सरपण-चाऱ्यासाठी झाडे लावण्याची शिफारस केली. महाराष्ट्रात १९८२ मध्ये सामाजिक वनीकरणाची स्वतंत्र यंत्रणा उभी राहिली. धाराशिवसारख्या वनविरळ जिल्ह्यांशी थेट संबंध असलेला हा पहिलाच वनकार्यक्रम होता. रस्त्याच्या कडेला, कालव्याच्या काठी व गायरानावर सुबाभूळ, निलगिरी, गिरिपुष्प आदी रोपे लावली गेली. मजुरांना काम मिळाले. परंतु काही वर्षांनी रोपवन ग्रामपंचायतीकडे सोपविले जाई, तेव्हा त्याची राखण कोणी करायची, गवत कोणी कापायचे, उत्पन्न कोणत्या प्रमाणात वाटायचे, याविषयी गावात पूर्वचर्चा झालेली नसे. लावणीचे उद्दिष्ट रोपांच्या संख्येत मोजले जाई व संस्था मात्र कागदावर राही.

तिसरा टप्पा संयुक्त वनव्यवस्थापनाचा. केंद्र शासनाच्या १ जून १९९० च्या परिपत्रकानंतर महाराष्ट्र शासनाने १६ मार्च १९९२ रोजी निर्णय काढून अवनत वनांच्या संरक्षणात गावांना सहभागी करून घेतले. २००३ मध्ये या धोरणाची व्याप्ती वाढविण्यात आली. पुढे संत तुकाराम वनग्राम योजनेने उत्तम कार्य करणाऱ्या समित्यांना पुरस्कार सुरू केले. या काळात वनखाते व गाव यांच्यातील दुरावा निश्चितच कमी झाला. परंतु समितीचा सदस्य-सचिव वनपाल असे आणि समितीचे अस्तित्व शासन निर्णयावर अवलंबून असे. तिन्ही टप्प्यांत गावाला अनुक्रमे मजुरी, रोपे आणि वाटा मिळाला. अधिकार मात्र कायद्याने मिळाला नाही.

हक्काधिष्ठित व्यवस्थापन : मेंढा (लेखा) आणि अन्य गावे

२००६ च्या वनहक्क कायद्याने या चित्रात मूलभूत बदल केला. अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांना वैयक्तिक हक्कांबरोबरच सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा हक्क या कायद्याने मान्य केला आणि ग्रामसभेला त्या प्रक्रियेच्या केंद्रस्थानी आणले.

गडचिरोली जिल्ह्याच्या धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) हे गोंड गाव या संदर्भात देशभर अभ्यासले जाते. १९८० च्या दशकातील 'जंगल बचाव, मानव बचाव' आंदोलनातून येथे सामूहिक विचाराची सुरुवात झाली. देवाजी तोफा यांचे नेतृत्व आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची साथ यांमुळे गावात अभ्यासगटाची परंपरा पडली. निर्णय बहुमताने न घेता सर्वसहमतीने घ्यावयाचे, हा दंडक गावाने स्वीकारला. 'दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा प्रसिद्ध आहे. २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर वनावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. हा हक्क मिळविणारी मेंढा आणि मर्दा ही देशातील पहिली गावे ठरली.

तथापि, हक्क मिळाला तरी बांबू विकण्यासाठी वाहतूक परवाना वनखात्याकडेच होता, कारण १९२७ च्या कायद्यात बांबूचा समावेश 'वृक्षा'त केलेला होता. ही कोंडी २७ एप्रिल २०११ रोजी फुटली. केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण यांच्या उपस्थितीत मेंढा येथे परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. जो बांबू पूर्वी कागद कारखान्याला सवलतीच्या दराने जात असे, तो ग्रामसभा स्वतः लिलावाने विकू लागली. कागदावरील हक्क आणि बाजारात बजावता येणारा हक्क यांतील अंतर या घटनेने स्पष्ट केले.

चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टर वनावर हक्क मिळाला. या गावाने बांबूविक्रीतून रोजगार निर्माण केला. पण तेंदूपान संकलन मात्र स्वेच्छेने बंद ठेवले, कारण त्यासाठी झाडांची छाटणी होते आणि वणवे लावले जातात. हाती असलेले उत्पन्न वनाच्या हितासाठी सोडून देण्याचा हा निर्णय बाहेरून लादलेला नव्हता, म्हणूनच तो टिकला. धुळे जिल्ह्यातील बारीपाडा या गावानेही चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने १९९० च्या दशकापासून ४०० हेक्टरांहून अधिक वन राखले. २०२५ मध्ये पवार यांना पद्मश्री सन्मान जाहीर झाला.

ही सर्व उदाहरणे वनसमृद्ध किंवा आदिवासी भागातील आहेत. ढोकीशी अधिक जवळचे साम्य अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारचे आहे. हे गाव पर्जन्यछायेत आहे. १९८९ नंतर पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली गावाने कुऱ्हाडबंदी व चराईबंदी स्वीकारली, डोंगरावर समतल चर खोदले, सिंचनासाठी विंधनविहिरींवर बंधन घातले आणि मोकळ्या चराईऐवजी गवत कापून नेण्याची पद्धत रूढ केली. येथे वृक्ष हा पाण्याचा साथीदार आहे, ही भूमिका होती. वनाच्या विक्रीयोग्य मालापेक्षा चारा व भूजल हे सामूहिक श्रमाचे खरे फळ ठरले.

सिद्धान्त आणि जागतिक संदर्भ

सामाईक संपत्ती कोणाचीच नसल्याने तिचा नाश अटळ आहे, असा सिद्धान्त गॅरेट हार्डिन यांनी १९६८ मध्ये मांडला होता. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मधील ग्रंथात अनेक देशांतील उदाहरणांच्या आधारे दाखवून दिले की, सदस्यत्वाची स्पष्ट मर्यादा, स्थानिक परिस्थितीनुसार नियम, परस्पर देखरेख, चढत्या क्रमाचा दंड आणि शासनाची मान्यता असल्यास समुदाय आपली संपत्ती दीर्घकाळ राखतो. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. उत्तराखंडातील वनपंचायतींना १९३१ च्या नियमांनी मान्यता मिळाली होती आणि नेपाळमध्ये १९९३ च्या वन कायद्याने उपभोक्ता गटांकडे वने सोपविली. महाराष्ट्रातील अनुभव या व्यापक प्रवाहाशी सुसंगत आहे.

ढोकी परिसराचा पेच : वृक्ष की भूमिहीन?

गायरानावर सामुदायिक वन उभारावे, ही सूचना वरवर निर्विवाद वाटते. मराठवाड्याच्या सामाजिक इतिहासाने मात्र तिला एक काटा जोडला आहे. गायरान हे दलित व भूमिहीनांच्या जमिनीच्या लढ्याचे क्षेत्र राहिले आहे. १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४ मध्ये कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखाली भूमिहीनांचे सत्याग्रह झाले. राज्य शासनाने १४ एप्रिल १९९० पूर्वीची अतिक्रमणे नियमानुकूल करण्याचा निर्णय १९९१ मध्ये घेतला. दुसरीकडे, सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावच्या सामाईक जमिनीवरील अतिक्रमणे दूर करण्याचे आदेश दिले आणि त्यानुसार राज्य शासनाने त्याच वर्षी जुलैमध्ये गायरान वाटपावर निर्बंध आणले. एकीकडे गावाची सामाईक संपत्ती, दुसरीकडे त्याच जमिनीवर पोट भरणारे कुटुंब, असा हा पेच आहे.

अशा स्थितीत वृक्षारोपणाचा कार्यक्रम भूमिहीनाला हुसकावण्याचे निमित्त ठरू शकतो. रोपाभोवतीचे कुंपण मेंढपाळाची वाट अडवते. चराईबंदीचा भार दोन शेळ्या बाळगणाऱ्या विधवेवर पडतो, तो दहा एकर बागायतदारावर पडत नाही. म्हणून चराईबंदी करणाऱ्या गावाने गवताचा पहिला वाटा पशुपालक भूमिहीनांना देणे, ही दया नसून संस्थेच्या टिकाऊपणाची अट आहे. ज्यांना वगळले जाते तेच कुंपण तोडतात, हा सामाजिक वनीकरणाचा अनुभव विसरता येणार नाही. राज्यात २०१६ ते २०१९ या काळात वृक्षलागवडीची उद्दिष्टे दोन कोटींवरून ३३ कोटींपर्यंत नेण्यात आली. अशा मोहिमांतही रोपांच्या संख्येइतकेच महत्त्व राखणदाराच्या प्रश्नाला द्यावे लागते.

कायद्याच्या दृष्टीनेही अडचणी आहेत. धाराशिव जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नसल्याने पेसा कायदा येथे लागू नाही. वनहक्क कायदा लागू आहे, पण बिगर-आदिवासी दावेदारांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीचे तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. हा काळ १९३० पर्यंत मागे जातो, म्हणजेच निजामी राजवटीत. त्या काळचे शासकीय दप्तर मुख्यतः उर्दूत आहे. हे दप्तर वाचणारे अभ्यासक आज विरळ होत चालले आहेत. कायद्याच्या नियमांनुसार वयोवृद्धांचे निवेदनही पुरावा म्हणून ग्राह्य धरले जाते. त्यामुळे मौखिक इतिहासाची नोंद हे येथे ग्रामस्थांच्या हक्काशी निगडित काम आहे. गायरानासाठी मात्र वनहक्क कायद्यापेक्षा १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेतील कलम २२ व २३ अधिक उपयोगाची आहेत. चराईसाठी राखून ठेवलेल्या जमिनीचा वापर गावाच्या जनावरांसाठीच व्हावा, हा त्यांचा आशय होय.

ढोकीला सहकाराची परंपरा आहे, हे तिचे बलस्थान. परंतु साखर कारखान्याचे सभासदत्व उसाशी, ऊस पाण्याशी आणि पाणी जमिनीच्या मालकीशी बांधलेले असते. सामुदायिक वनसंस्थेचे सभासदत्व गावातील प्रत्येक प्रौढ रहिवाशाचे असते. पहिली उत्पादकांची संस्था, दुसरी रहिवाशांची. सहकारातील हिशेब, लेखापरीक्षण व वार्षिक सभेची शिस्त वनसंस्थेने अवश्य घ्यावी. मात्र सभासदत्वाचा पाया तिने ग्रामसभेचाच ठेवावा.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. महाराष्ट्रात सामुदायिक वनव्यवस्थापनाची वाटचाल मजुरीकडून सहभागाकडे आणि सहभागाकडून हक्काकडे झाली. जेथे हक्क, स्वनिर्मित नियम आणि उत्पन्नावरील नियंत्रण या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तेथे संस्था टिकली.

२. केवळ हक्काचा कागद पुरेसा नाही. मेंढा (लेखा) येथील परवाना पुस्तकाचा प्रसंग दाखवितो की, माल बाजारात नेण्याचा अधिकार नसेल तर मालकी अपुरी राहते.

३. धाराशिवसारख्या वनविरळ जिल्ह्यात सामुदायिक वनाचे उद्दिष्ट लाकूड किंवा बांबू नसून चारा, सरपण आणि भूजल हे असले पाहिजे. त्या दृष्टीने गडचिरोलीकडून संस्था कशी चालवावी हे, तर हिवरे बाजारकडून जमीन कशी राखावी हे शिकण्यासारखे आहे.

४. गायरानावरील वनीकरणापूर्वी त्या जमिनीवर आज कोणाचा चरितार्थ चालतो याची नोंद ग्रामसभेसमोर आली पाहिजे. नियमानुकूल होण्यास पात्र कुटुंबांचा प्रश्न आधी व वृक्षारोपण नंतर, हा क्रम पाळणे न्याय्य ठरेल.

५. निजामकालीन महसुली दप्तरांचे वाचन व वृद्धांच्या साक्षींची नोंद या कामात परिसरातील महाविद्यालयांचे इतिहास व उर्दू विभाग मोलाची मदत करू शकतात.

शाश्वत विकासात पुढील पिढीचा विचार अभिप्रेत असतो. तो करताना आजच्या पिढीतील सर्वांत दुर्बल घटकाला जमिनीवरून उठविले, तर उभे राहिलेले झाड गावाचे राहत नाही. वनसंस्थेची खरी कसोटी तिने किती रोपे जगविली यात जेवढी आहे, तेवढीच ती रोपे जगविण्याचा निर्णय घेताना सभेत कोण बसले होते यातही आहे. ढोकी परिसरातील गावांनी गायरानाचा नकाशा ग्रामसभेपुढे मांडून ही चर्चा सुरू केली, तर सहकाराच्या त्यांच्या इतिहासाला एक नवे व अधिक व्यापक प्रकरण जोडले जाईल.